मेथडशी देवघेव: आर्ग्युमेंट जातं कसं, उत्तर येतं कसं

प्रोग्रॅमिंग शिकताना व्हेरिएबल, इफ, लूप इथवर गाडी बरी चालते. मेथड, म्हणजे नाव दिलेला आणि त्या नावाने हाक मारली की चालणारा कोडचा तुकडा, आली की अडखळायला होतं. मेथड लिहिणं अवघड नसतं. कंस, महिरपी कंस, अर्धविराम सगळं जागच्या जागी पडतं. पण आत पाठवलेला आकडा आत बदलला, तरी बाहेर तो जसाच्या तसा का? आणि मेथडने काढलेलं उत्तर गेलं कुठे? या दोन प्रश्नांपाशी भलेभले घुटमळतात. दोन्हींचं मूळ एकच आहे: मेथडच्या आत व्हेरिएबल जात नाही, त्यातली किंमत जाते. परत येते तीही नुसती किंमत. ती कुठे ठेवायची, ठेवायची की नाही, हे हाक मारणाऱ्याने, म्हणजे मेथड वापरणाऱ्या कोडने, ठरवायचं.

उदाहरणं जावातली घेतो, कारण तिथला नियम सरळ आहे आणि त्याला अपवाद नाही. वाचायला सोपं जावं म्हणून कोड देवनागरीत लिहिला आहे. तसं पाहिलं तर जावाला व्हेरिएबलची आणि मेथडची नावं देवनागरीत, काना-मात्रेसकट चालतात. इंट (पूर्णांक), डबल (दशांशवाला आकडा), रिटर्न यांसारखे राखीव शब्द, जावाची स्वतःची नावं आणि आकडे मात्र इंग्रजी लिपीतच टाइप करावे लागतात. मेथडच्या आधी लागणारे पब्लिक, स्टॅटिक वगैरे शब्द मी गाळले आहेत. त्यांचा या विषयाशी संबंध नाही आणि सुरुवातीला ते उगाच डोळ्यांत खुपतात.

डबल फॅरनहाइट(डबल सेल्सिअस) {
    रिटर्न सेल्सिअस * ९ / ५ + ३२;
}

सेल्सिअसमधलं तापमान द्या, फॅरनहाइटमधलं घ्या. पहिल्या ओळीत सगळा करार लिहिलेला आहे. अगदी सुरुवातीचा डबल सांगतो की या मेथडकडून दशांशवाला आकडा परत मिळेल. मग मेथडचं नाव. कंसात, आत येताना काय लागेल ते: एक दशांशवाला आकडा, ज्याला मेथड आपल्यापुरतं सेल्सिअस म्हणेल. मेथडच्या व्याख्येतल्या या नावाला पॅरामीटर म्हणतात. प्रत्यक्ष हाक मारताना आपण कंसात जे घालतो ते आर्ग्युमेंट. बोलताना लोक दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि त्याने फारसं बिघडत नाही.

आता मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मेथडमध्ये, ही ओळ लिहिली समजा:

डबल ताप = फॅरनहाइट(३७);

ही ओळ चालते तेव्हा काय घडतं ते सावकाश पाहू. पुढचा बराचसा गुंता इथेच सुटतो.

जावा आधी कंसात डोकावते. तिथे ३७ आहे, पूर्णांक. मेथडला हवा आहे डबल. पूर्णांकाचा डबल करताना काही हरवत नाही, म्हणून जावा कुणाला न विचारता ३७ चा ३७.० करते. मग मेमरीत या एका हाकेसाठी, म्हणजे कॉलसाठी, नवी, तात्पुरती जागा तयार होते. तिला स्टॅक फ्रेम म्हणतात. त्या फ्रेममध्ये सेल्सिअस नावाचं नवंकोरं व्हेरिएबल तयार होतं आणि त्यात ३७.० ही किंमत कॉपी होते. मेन जिथे होती तिथेच थांबलेली असते, तिची फ्रेम खाली, तिची सगळी व्हेरिएबल शाबूत. आता फॅरनहाइटचा कोड चालतो: ३७.० गुणिले ९ म्हणजे ३३३.०, भागिले ५ म्हणजे ६६.६, अधिक ३२ म्हणजे ९८.६. रिटर्न दोन कामं करतं: ही किंमत उचलतं आणि मेथड तिथेच संपवतं. फ्रेम मोडते, तिच्याबरोबर सेल्सिअसही जातं. आणि मेनमध्ये जिथे फॅरनहाइट(३७) लिहिलं होतं, नेमक्या त्या जागी ९८.६ येऊन बसतो. जणू कुणी ती ओळ मुळातच डबल ताप = ९८.६, अशी लिहिली होती.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे. मेथडचा कॉल म्हणजे एक किंमत, फक्त ती अजून काढायची आहे. म्हणून जिथे आकडा चालतो तिथे कॉल चालतो. फॅरनहाइट(१००) - फॅरनहाइट(०) असं लिहिलं तर आधी पहिल्या कॉलच्या जागी २१२.० येतं, मग दुसऱ्याच्या जागी ३२.०, आणि वजाबाकी होऊन १८०.०. एका मेथडच्या कंसात दुसऱ्या मेथडचा कॉल घातला तरी नियम तोच: आतला आधी सुटतो, त्याची किंमत बाहेरच्याला आर्ग्युमेंट म्हणून मिळते.

जाता जाता एक सापळा दाखवतो. त्याच मेथडमध्ये कुणी (९ / ५) * सेल्सिअस + ३२ असं लिहिलं, तर गणिताच्या वहीत ते अगदी बरोबर आहे, पण जावात ३७ चं उत्तर ६९.० येतं. कारण ९ आणि ५ दोन्ही पूर्णांक, आणि पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की जावा दशांश टाकून देते; ९ / ५ म्हणजे १. आपल्या मूळ ओळीत सेल्सिअस * ९ आधी होतं, म्हणजे भागाकारापर्यंत आकडा डबल झालेला असतो. मेथड डबल परत करते म्हणून आतला हिशेब आपोआप डबलमध्ये होत नाही. रिटर्नचा प्रकार शेवटी, दारात तपासला जातो.

दाखवणं वेगळं, देणं वेगळं

शिकणाऱ्यांचा सर्वात मोठा घोळ माझ्या मते पॅरामीटरशी नसतोच, तो प्रिंट आणि रिटर्न यांच्यात असतो. त्याला कारणही आहे. सुरुवातीचे सगळे प्रोग्रॅम स्क्रीनवर काहीतरी छापतात, त्यामुळे उत्तर दिसलं म्हणजे उत्तर मिळालं असं मनात बसतं.

व्हॉइड बेरीज(इंट अ, इंट ब) {
    सिस्टिम.आउट.प्रिंटएलएन(अ + ब);
}

बेरीज(२, ३), असा कॉल केला की स्क्रीनवर ५ उमटतो. काम झालं असं वाटतं. मग त्या उत्तरात दहा मिळवायची वेळ येते आणि बेरीज(२, ३) + १० लिहिलं की कंपायलर, म्हणजे कोड चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणारा प्रोग्रॅम, अडवतो: इथे व्हॉइड चालत नाही. व्हॉइड म्हणजे ही मेथड काहीही परत करत नाही. ५ हा आकडा माणसाने डोळ्यांनी पाहिला. प्रोग्रॅमच्या हाती तो आलाच नाही. कॉलच्या जागी येऊन बसायला किंमतच नाही, तर दहा मिळवायचे कशात?

पायथनमध्ये हाच प्रकार जास्त चकवतो. तिथे रिटर्न न लिहिलेलं फंक्शनही (मेथडचंच दुसरं रूप) काहीतरी परत करतंच: नन, म्हणजे 'काहीच नाही' ही खूण. त्यामुळे उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवताना काही तक्रार येत नाही, ते पुढे वापरताना प्रोग्रॅम कोसळतो, आणि तेव्हा मूळ चूक दहा-वीस ओळी मागे राहिलेली असते.

छापायचं काम हाक मारणाऱ्याकडे ठेवावं आणि मेथडने फक्त उत्तर द्यावं, हे बरं. रिटर्न करणारी मेथड छापता येते, साठवता येते, दुसऱ्या मेथडला देता येते, आणि मुख्य म्हणजे तपासता येते. फॅरनहाइट(-४०) ने उणे चाळीसच दिलं पाहिजे, कारण त्या एका ठिकाणी दोन्ही मापं जुळतात. ही तपासणी एका ओळीत होते. छापणाऱ्या मेथडची तपासणी करायला कुणीतरी स्क्रीनकडे पाहत बसावं लागतं.

याची उलट बाजूही आहे: मेथड उत्तर देते आणि आपण ते घेत नाही. फॅरनहाइट(३७), एवढीच ओळ लिहिली तर जावा हूं की चूं करत नाही. हिशेब होतो, ९८.६ तयार होतो आणि कुणी न उचलल्यामुळे वाया जातो. स्ट्रिंगच्या, म्हणजे अक्षरांच्या माळेच्या, बाबतीत हे हमखास घडतं. इंग्रजी अक्षरं मोठी करणारी नाव.टोअपरकेस(), असं लिहून पुढच्या ओळीत नाव छापलं, तरी अक्षरं लहानच. जावातली स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही; टोअपरकेस, ट्रिम, रिप्लेस या सगळ्या मेथड नवी स्ट्रिंग तयार करून परत करतात. नाव = नाव.टोअपरकेस(); असं लिहिलं तरच काम होतं. मराठीत अक्षरांना लहान-मोठेपण नाही म्हणून हे उदाहरण देवनागरी नावावर करून पाहू नका, काहीच फरक दिसणार नाही. मागची-पुढची रिकामी जागा काढणाऱ्या ट्रिमवर करा.

अदलाबदल, जी होत नाही

आता पहिल्या प्रश्नाकडे. दोन व्हेरिएबलच्या किमती आपसात बदलणारी मेथड लिहायची आहे.

व्हॉइड अदलाबदल(इंट अ, इंट ब) {
    इंट तात्पुरता = अ;
    अ = ब;
    ब = तात्पुरता;
}

मेनमध्ये डावा १० आहे, उजवा २० आहे. अदलाबदल(डावा, उजवा), झाल्यावर दोन्ही छापले तर डावा १० आणि उजवा २०. काहीच बदललं नाही.

वर पाहिलेल्या पायऱ्या इथे लावा. नवी फ्रेम तयार झाली. तिच्यात अ आला, त्यात १० कॉपी झाला. ब आला, त्यात २० कॉपी झाला. अ ला डावा कोण हे माहीतही नाही. पुढच्या तीन ओळींत अ आणि ब यांची अदलाबदल अगदी बरोबर झाली: अ २०, ब १०. मग मेथड संपली, फ्रेम मोडली आणि त्या अदलाबदलीसकट अ-ब दोघंही गेले. मेनच्या फ्रेमला कुणी हात लावलाच नव्हता. मेनमधल्या व्हेरिएबलची नावंही अ आणि ब ठेवून पाहिली तरी फरक पडत नाही. नावं सारखी, फ्रेम वेगळ्या, म्हणून व्हेरिएबलही वेगळी.

इथवर बहुतेकांना पटतं. मग ॲरे, म्हणजे एकाच नावाखाली ओळीने ठेवलेल्या किमतींची यादी, येतो आणि सगळं उलटंपालटं झाल्यासारखं वाटतं.

व्हॉइड पहिलाशून्य(इंट[] गुण) {
    गुण[०] = ०;
}

व्हॉइड नवीयादी(इंट[] गुण) {
    गुण = न्यू इंट[३];
    गुण[०] = ९९;
}

मेनमध्ये माझे नावाचा ॲरे आहे, त्यात ४५, ६२, ७८. पहिलाशून्य(माझे), केल्यावर माझे[०] पाहिलं तर ० आहे. म्हणजे मेथडने आतून केलेला बदल बाहेर दिसला! मग कॉपीच्या नियमाचं काय झालं? आणि लगेच नवीयादी(माझे) केलं, तर माझे[०] ० च राहतं, ९९ होत नाही. एकच ॲरे, दोन मेथड, दोन तऱ्हा.

नियम मोडलेला नाही. फक्त माझे या व्हेरिएबलमध्ये काय असतं ते नीट पाहायला हवं. त्यात ४५, ६२, ७८ नसतात. ते आकडे मेमरीत दुसरीकडे, हीप नावाच्या भागात असतात आणि माझे मध्ये असतो त्यांच्यापर्यंत पोचवणारा दुवा, रेफरन्स. मेथडला हा दुवा कॉपी होऊन जातो.

तुमच्या फोनमध्ये एका मैत्रिणीचा नंबर आहे. तो तुम्ही मला पाठवला. आता नंबर दोघांच्या फोनमध्ये आहे, दोन वेगळ्या प्रती. मी तिला फोन करून उद्याचं भेटणं रद्द केलं, तर तुम्ही फोन केल्यावर तुम्हालाही ती तेच सांगेल, कारण दोन्ही नंबर एकाच व्यक्तीला लागतात. पण मी माझ्या फोनमध्ये तिच्या नावापुढचा नंबर खोडून दुसऱ्याच कुणाचा टाकला, तर तुमच्या फोनमधला नंबर बदलत नाही. गुण[०] = ० म्हणजे फोन लावून भेट रद्द करणं. गुण = न्यू इंट[३] म्हणजे आपल्या फोनमधला नंबर बदलणं.

ऑब्जेक्टचंही, म्हणजे माहिती आणि तिच्यावर चालणाऱ्या मेथड यांच्या गाठोड्याचंही, असंच. मेथडला विद्यार्थी नावाचा ऑब्जेक्ट दिला आणि मेथडने विद्यार्थी.सेटवय(२०) केलं, तर बाहेरूनही वय २० दिसेल. मेथडने विद्यार्थी = न्यू विद्यार्थी() केलं, तर बाहेरच्याला त्याची गंधवार्ताही लागणार नाही.

यावरून एक चुकीचं वाक्य फार पसरलं आहे: जावात साधे आकडे पास बाय व्हॅल्यू (किमतीची प्रत) जातात आणि ऑब्जेक्ट पास बाय रेफरन्स (व्हेरिएबल स्वतःच). मुलाखतींतही हे उत्तर छातीठोकपणे दिलं जातं. जावात सगळं बाय व्हॅल्यूच जातं. कधी ती व्हॅल्यू आकडा असते, कधी दुवा. खात्री करायची असेल तर कसोटी सोपी आहे. हाक मारणाऱ्याच्या दोन व्हेरिएबलमध्ये आपसात अदलाबदल करणारी मेथड त्या भाषेत लिहिता येते का? जावात ती आकड्यांसाठी लिहिता येत नाही, स्ट्रिंगसाठी नाही, कुठल्याच ऑब्जेक्टसाठी नाही. ॲरेच्या आतले दोन घटक आपसात बदलता येतात, कारण ते बदल दुव्याच्या पलीकडे होतात.

ज्या भाषांत खरोखर रेफरन्स पाठवता येतो तिथे ही मेथड लिहिता येते. सी प्लस प्लसमध्ये पॅरामीटरला अँपरसँडचं चिन्ह लावलं की आतला अ हे बाहेरच्या डावाचं दुसरं नाव होतं. सी शार्पमध्ये रेफ हा शब्द लागतो, आणि तो मेथडच्या व्याख्येत तसाच कॉल करतानाही लिहावा लागतो. मला सी शार्पची पद्धत जास्त आवडते. कॉलची ओळ वाचणाऱ्याला लगेच कळतं की या व्हेरिएबलला आत हात लागू शकतो. सी प्लस प्लसमध्ये त्यासाठी व्याख्या उघडून पाहावी लागते. सी भाषेत सगळं बाय व्हॅल्यूच, पण व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता काढून तोच किंमत म्हणून पाठवता येतो. पायथनचं वागणं जावातल्या ऑब्जेक्टसारखं आहे. या पद्धतीला कॉल बाय शेअरिंग म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९७० च्या दशकात सीएलयू या भाषेसाठी हे नाव वापरलं.

आकड्यांच्या प्रती पाठवणं ही उगाच केलेली अडवणूक नाही, हे फोर्ट्रान या जुन्या भाषेच्या इतिहासावरून दिसतं. १९५८ च्या फोर्ट्रान टू मध्ये स्वतःचे सबरूटीन (तिथल्या मेथड) लिहायची सोय आली, आणि आर्ग्युमेंट म्हणून पत्ते पाठवायची पद्धत तिथे रुळली. काही जुन्या कंपायलरवर याचा विलक्षण परिणाम व्हायचा. सबरूटीनला ४ हा आकडाच आर्ग्युमेंट म्हणून दिला आणि आत त्या पॅरामीटरला ५ दिले, तर मेमरीत ४ साठवलेल्या जागीच ५ जाऊन बसायचे. त्यानंतर प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे ४ लिहिलेलं, तिथे हिशेबात ५ यायचे. असली चूक शोधायची म्हणजे काय होत असेल, कल्पनाच करा. १९६० च्या अल्गोल भाषेमध्ये पॅरामीटरपुढे व्हॅल्यू असं लिहून प्रत मागता येऊ लागली. ते लिहिलं नाही तर आर्ग्युमेंटची पूर्ण पदावलीच आत जायची आणि दर वापराला नव्याने सोडवली जायची. ती पद्धत फार टिकली नाही.

क्रम जुळतो, अर्थ जुळतोच असं नाही

मेथडला दोन-तीन आर्ग्युमेंट असली की ती क्रमाने जुळतात. पहिलं पहिल्याला, दुसरं दुसऱ्याला. नावं कोणी पाहत नाही. कंपायलर संख्या आणि प्रकार तपासतो, बस्स.

डबल व्याज(डबल मुद्दल, डबल दर, डबल वर्षे) {
    रिटर्न मुद्दल * दर * वर्षे / १००;
}

मुद्दल १००००, दर ८, वर्षं ५. बरोबर कॉल आहे व्याज(१००००, ८, ५). घाईत कुणी व्याज(१००००, ५, ८) लिहिलं. दोन्हींचं उत्तर ४०००.०. गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही, त्यामुळे चूक झाली हे कळायला वावच नाही, कितीही वेळा तपासा. मग सहा महिन्यांनी कुणीतरी मेथडमध्ये सरळव्याजाऐवजी चक्रवाढ व्याजाने होणारी रास काढायचं ठरवतं (मॅथ.पॉव म्हणजे घात):

रिटर्न मुद्दल * मॅथ.पॉव(१ + दर / १००, वर्षे);

बरोबर क्रमाने उत्तर येतं साधारण १४६९३.२८, उलट क्रमाने १४७७४.५५. दोन्ही आकडे दिसायला सारखेच विश्वासार्ह. आणि खापर फुटणार ते मेथड बदलणाऱ्याच्या माथी, जरी चूक जुन्या कॉलमध्ये होती.

इथे वर्षे हा पॅरामीटर इंट ठेवला असता तर थोडा बचाव झाला असता. दर साडेआठ असताना व्याज(१००००, ५, ८.५) लिहिलं की कंपायलरने तिथेच रोखलं असतं, कारण दशांश टाकून ८.५ चा इंट करायला जावा आपणहून तयार नसते. इंटचा डबल चालतो, डबलचा इंट चालत नाही. म्हणून पॅरामीटरचा प्रकार जितका नेमका, तितका कंपायलर जास्त उपयोगी. पायथनमध्ये याहून चांगली सोय आहे: कॉल करतानाच दर=८, वर्षे=५ असं नावानिशी लिहिता येतं, मग क्रम कुठलाही असो.

एकक तर कुठलाच कंपायलर आपणहून पाहत नाही. डबल हा प्रकार सांगतो की आकड्याला दशांश असू शकतो. तो मीटर आहे की फूट, हे त्याला ठाऊक नसतं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ च्या सप्टेंबरमध्ये मंगळापाशी हरवलं ते यामुळेच. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने धक्क्याचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत दिले, आणि पुढच्या सॉफ्टवेअरने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. दोन एककांमध्ये जवळपास साडेचार पटींचा फरक आहे. नुसत्या आकड्यात तो कुठेही दिसत नाही. पॅरामीटरला अंतर ऐवजी अंतरमीटर असं नाव देणं कंटाळवाणं वाटतं खरं, पण कॉल लिहिणाऱ्याला एडिटरमध्ये तेच नाव दिसतं.

पॅरामीटर किती असावेत? जावात एका मेथडला २५५ पर्यंत चालतात, आणि त्यात लाँग आणि डबल प्रत्येकी दोन मोजले जातात. ही मर्यादा कुणाला प्रत्यक्षात आडवी आल्याचं मी पाहिलेलं नाही. पाच झाले की वाचणाऱ्याची दमछाक सुरू होते. तिथेच त्यांना एका ऑब्जेक्टमध्ये एकत्र करायचा विचार करावा.

परतीच्या सगळ्या वाटा

मेथडने स्ट्रिंग परत करायचं कबूल केलं असेल, तर ती कुठल्याही वाटेने संपली तरी स्ट्रिंग मिळालीच पाहिजे.

स्ट्रिंग चिन्ह(इंट न) {
    इफ (न > ०) रिटर्न "धन";
    इफ (न < ०) रिटर्न "ऋण";
}

हे कंपाइल होत नाही. रिटर्न राहून गेला, अशी एरर येते. शून्याचं काय, हे विसरलं होतं आणि कंपायलरने पकडलं. आता दुसरी अट न <= ० अशी केली तर सगळे आकडे आले, तरीही एरर तीच! जावाचा कंपायलर अशा अटींचं गणित सोडवत बसत नाही. त्याच्या लेखी दोन्ही इफ खोटे ठरू शकतात. शेवटी अट न लावता एक रिटर्न लिहिला की तो शांत होतो. उलट, रिटर्नच्या खाली त्याच ब्लॉकमध्ये आणखी एखादी ओळ लिहिली तर तीही चालत नाही, कारण तिथवर कधी पोचणंच होणार नाही.

उत्तरच नसेल तर काय परत करायचं, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. स्ट्रिंगची इंडेक्सऑफ ही मेथड अक्षर सापडलं तर त्याची जागा देते, नाही सापडलं तर -१. ती -१ न तपासता थेट जागा म्हणून वापरली की प्रोग्रॅम पडतो. काही मेथड नल, म्हणजे कुठेच न नेणारा रिकामा दुवा, देतात, आणि तो तपासायचा राहिला की जावातली सर्वात बदनाम एरर, नल पॉइंटर एक्सेप्शन, हजर. २०१४ च्या जावा ८ मध्ये ऑप्शनल आलं: उत्तर असेल किंवा नसेल, हे रिटर्नच्या प्रकारातच लिहिता येऊ लागलं. नवीन कोड लिहिताना तेच वापरावं असं माझं मत आहे, निदान शोधाशोध करणाऱ्या मेथडसाठी तरी.

दोन उत्तरं एकदम हवी असतील, समजा सर्वात लहान आणि सर्वात मोठा आकडा, तर जावा एकच किंमत परत करू देते. दोन्ही एका ऑब्जेक्टमध्ये घालून तो द्यायचा. २०२१ मध्ये जावा १६ बरोबर रेकॉर्ड, म्हणजे नुसती माहिती ठेवणारे ऑब्जेक्ट, कायमचे आले, त्यामुळे असा छोटा ऑब्जेक्ट आता एका ओळीत जाहीर करता येतो. गो भाषेत दोन किमती थेट परत करता येतात, पायथनमध्ये टपल, म्हणजे किमतींची जुडी, करून.

हे सगळं वाचून पटलं तरी एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फ्रेमची कल्पना पक्की होत नाही, आणि त्यासाठी डीबगरसारखं, म्हणजे प्रोग्रॅम थांबवत ओळीओळीने दाखवणारं, साधन नाही. अदलाबदलच्या कॉलच्या ओळीवर ब्रेकपॉइंट (थांबायची खूण) लावा, प्रोग्रॅम डीबगमध्ये चालवा आणि स्टेप इन्टू दाबा. बाजूला कॉल स्टॅकची यादी दिसेल: वर अदलाबदल, तिच्याखाली मेन. एकेक ओळ पुढे सरकत शेवटच्या महिरपी कंसापर्यंत या आणि तिथे थांबा. यादीत अदलाबदलवर क्लिक केलं की अ २० आणि ब १० दिसतील. तिथूनच मेनवर क्लिक केलं की डावा १० आणि उजवा २०. मग पहिलाशून्यवर हेच करा. एक्लिप्स किंवा इंटेलिजे या जावाच्या एडिटरमध्ये ॲरेच्या नावाशेजारी त्याचा ओळख-क्रमांक दिसतो, आणि माझे व गुण या दोघांपुढे तो एकच असतो. नवीयादीमध्ये न्यूची ओळ ओलांडताच गुणपुढचा क्रमांक बदलतो, माझेपुढचा बदलत नाही.